हात फोनकडे नेमका कधी जातो?

फोन दिवसभरात किती वापरला हे सांगणारा तक्ता फोनमध्येच असतो. अँड्रॉइडवर त्याचं नाव डिजिटल वेलबीइंग, आयफोनवर स्क्रीन टाइम. दोन्ही २०१८ मध्ये आले. त्यातला तासांचा आकडा बघून सगळेच हळहळतात, तशी मीही हळहळले. पण त्या तासांत आईशी व्हिडिओवर बोलणं, नकाशा बघणं, बँकेची कामं आणि निव्वळ वेळ घालवणं असं सगळंच मोजलेलं असतं. त्यावरून करायचं काय, हे काही कळेना. त्याच तक्त्यात दुसरा एक आकडा असतो, फोन किती वेळा हातात घेऊन उघडला याचा. माझ्या दुखण्याचं मूळ या दुसऱ्या आकड्यात होतं.

माझं काम मुद्रितशोधनाचं, तेही घरून. प्रूफं वाचताना लक्ष क्षणभर जरी सुटलं तरी चूक डोळ्यांसमोरून निघून जाते आणि छापून आल्यावरच दिसते. फोन एकदा घेतला की परत त्याच ओळीवर येऊन भागत नाही, परिच्छेद पहिल्यापासून वाचावा लागतो. म्हणजे फोनवर अर्धा मिनिट गेला तरी कामातली पाच-दहा मिनिटं गेलीच.

मग मी एक साधी गोष्ट केली. टेबलावर कोरा कागद ठेवला आणि हात फोनकडे गेला की, फोन उचलायच्या आधी, त्या क्षणी काय चाललं होतं ते दोन शब्दांत लिहायचं ठरवलं. फोन घ्यायला मनाई नव्हती, फक्त आधी लिहायचं. थोड्याच दिवसांत कागद भरला. ‘तळटीप जुळेना.’ ‘आठ ओळींचं वाक्य.’ ‘आडनाव दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी, खरं कुठलं?’ ‘फाइल उघडतेय.’ ‘कंटाळा.’ ‘मेसेज आला वाटतं’ (आला नव्हता). ‘फोन वाजला’ ही नोंद मात्र शोधावी लागत होती.

तोवर मी सगळं खापर नोटिफिकेशनवर फोडत होते. कागद वेगळंच सांगत होता. बहुतेक वेळा फोन मला बोलवत नव्हता. काम अडलं की मीच तिकडे पळत होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतल्या ग्लोरिया मार्क यांनी लोक काम करताना प्रत्यक्ष काय करतात, याची वर्षानुवर्षं नोंद ठेवली आहे. २००४ च्या सुमारास माणूस स्क्रीनवरच्या एका गोष्टीवर सरासरी अडीच मिनिटं टिकायचा. अलीकडच्या वर्षांत हे प्रमाण ४७ सेकंदांच्या आसपास आलं. त्यांच्याच पाहणीत दिसलं की माणसं स्वतःच स्वतःचं काम जवळजवळ तितक्याच वेळा मोडतात, जितक्या वेळा बाहेरचं कोणी मोडतं. माझ्या बाबतीत तर घरच्याच चोराचा वाटा मोठा होता.

हे कळल्यावर उपायाची दिशाच बदलली. फोनला आवरण्याच्या आधी अडलेल्या जागी काय करायचं, ते ठरवायला हवं होतं. आता वाक्य अडलं की मी ते मोठ्यानं वाचते. तरीही उलगडलं नाही तर समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह करायचं आणि पुढे जायचं. लेखकाला विचारायचे प्रश्न दिवसाअखेर एकत्र पाठवते, एकेक करून पाठवत नाही, कारण एक प्रश्न पाठवला की उत्तर आलं का हे बघण्यासाठी पुन्हा फोन. फाइल उघडायला वेळ लागत असेल तर नुसतं बसायचं. हे नुसतं बसणं सुरुवातीला इतकं अवघड गेलं की माझं मलाच हसू आलं. हातांना काय करावं तेच सुचत नव्हतं.

त्याच कागदाच्या मागच्या बाजूला ‘नंतर बघू’ असा एक रकाना आखला. काम करताना मधेच डोक्यात येतं, अमुक नटाचं वय काय असेल, उद्या पाऊस आहे का, वीजबिल भरलं की राहिलं. हे सगळं तिथे टिपायचं. एकदा कागदावर उतरलं की मन मागे लागत नाही. काम संपल्यावर यादी वाचली की त्यातलं वीजबिल तेवढं खरं निघतं. नटाच्या वयाशी मला काहीच देणंघेणं नव्हतं, हे तेव्हा लख्ख कळतं. मी केलेल्या सगळ्या खटाटोपांतला सर्वांत उपयोगी पडलेला हाच. त्याला ना ॲप लागलं ना पैसे.

नोटिफिकेशनचं कामही एका संध्याकाळी बसून उरकलं, कारण वाटा लहान असला तरी तो होताच. इथे एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. अँड्रॉइडमध्ये आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, एकाच ॲपच्या नोटिफिकेशनचे वेगवेगळे प्रकार सुटे सुटे बंद करता येतात. मागवलेली वस्तू कुठवर आली हे कळायला हवं, पण ‘खास तुमच्यासाठी सवलत’ नको, असं करता येतं. अर्थात ॲप बनवणाऱ्यानं ते प्रकार प्रामाणिकपणे वेगळे ठेवले असतील तर. काहींनी सगळं मुद्दाम एकाच गाठोड्यात बांधलेलं असतं. त्यांची नोटिफिकेशन्स मी सरसकट बंद केली आणि अजूनपर्यंत माझं काही बिघडलेलं नाही.

मोठी धास्ती होती ती घरच्यांची. आईला बरं नसलं आणि माझा फोन गप्प असला तर? त्यासाठी ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये सोय आहे. ठरावीक माणसांचे फोन वाजू द्यायचे, आणि तोच माणूस लागोपाठ दुसऱ्यांदा फोन करत असेल तर तोही वाजू द्यायचा. त्यासाठी अँड्रॉइड पंधरा मिनिटांची मुदत धरतं, आयफोन तीन मिनिटांची. घरात सगळ्यांना सांगून ठेवलं, “अर्जंट असेल तर दोनदा लाव.” आईनं पहिल्याच दिवशी दोनदा लावून खात्री करून घेतली. “वाजतोय ना गं? मग ठीक,” म्हणाली आणि ठेवून दिला.

मित्रमंडळींच्या ग्रुपवर मात्र कुरबुर झाली. “हल्ली तू मोठी माणूस झालीस, उत्तरच देत नाहीस,” वगैरे. मी स्पष्टीकरणं देत बसले नाही. दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा सगळ्यांना उत्तरं देते, हे त्यांना आपसूक कळलं.

मग फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला लागले. टेक्सास विद्यापीठातल्या एड्रियन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१७ चा एक प्रयोग यासाठी नेहमी सांगितला जातो. काहींचा फोन टेबलावर, काहींचा खिशात किंवा पिशवीत, काहींचा दुसऱ्या खोलीत. डोकं लावण्याच्या चाचणीत शेवटच्या गटानं सर्वांत चांगली कामगिरी केली. पुढे इतरांनी असेच प्रयोग केले तेव्हा सगळ्यांना तोच निकाल मिळाला नाही, हेही खरं. मला वाटतं, माझ्या उपयोगाचं कारण याहून साधं आहे. फोनसाठी उठून चालत जावं लागतं, आणि तेवढ्या चार पावलांत ‘कशाला चाललेय मी?’ हा प्रश्न पडायला वेळ मिळतो.

पण फोन दूर ठेवला की एक नवीच पंचाईत होते. घड्याळ फोनमध्ये, शब्दकोश फोनमध्ये, ओटीपी फोनवर. ओटीपीसाठी गेलेली बाई वीस मिनिटांनी परत येते आणि ओटीपीची मुदत केव्हाच संपलेली असते! म्हणून फोनकडे असलेली खाती मी एकेक करून काढून घेतली. मनगटावर घड्याळ बांधलं, छापील कोश पुन्हा टेबलावर आणला, आकडेमोडीला जुना कॅल्क्युलेटर शोधून काढला. ओटीपी लागणारी कामं दिवसाच्या एकाच वेळी, एकत्र करते.

माझ्यापाशी जे टिकलं नाही, तेही सांगते. स्क्रीन काळी-पांढरी करून पाहिली. कुणाकुणाला फरक पडतो म्हणतात, मी मात्र राखाडी रंगातही तितक्याच आवडीनं खाली सरकवत राहिले. ॲपवर वेळेची मर्यादा घातली, तर ती वाढवण्याचं बटण अंगठ्याला पाठ झालं. ॲप काढून टाकलं, तर तीच साइट ब्राउझरमधून उघडू लागले. आपोआप पुढचं पुढचं दाखवत जाणारी, तळ नसलेली पानं २००६ मध्ये आझा रास्किन यांनी रचली आणि पुढे त्याबद्दल त्यांनी जाहीर खंतही व्यक्त केली. प्रूफांना निदान शेवटचं पान असतं.

आता कामाचे तास बऱ्यापैकी हाताशी आलेत. कागदावरच्या नोंदी कमी झाल्या, प्रश्नचिन्हं वाढली, आणि एका लेखकानं “प्रश्न फार विचारता तुम्ही” म्हणत पुढचं पुस्तकही माझ्याकडेच दिलं. रांगेत उभी असताना किंवा प्रवासात मी फोन खुशाल बघते. तिथे कुठलं काम मोडत नाही. रात्र मात्र अजून सुटलेली नाही. चार्जर बाहेरच्या खोलीत नेला आणि गजरासाठी वेगळं घड्याळ आणलं, पण त्याच्या टिकटिकीनं झोप येईना. सध्या ते कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवून बघतेय. गजर ऐकू येतो, टिकटिक येत नाही.