दोन दिवसांत होतंय

भोगीच्या आदल्या दुपारी शेंगाचटणी करताना मिक्सर एकदम रिकामा रिकामा आवाज करायला लागला. मोटर फिरतेय, पातं जागचं हलत नाही. भांडं काढून बघितलं तर मोटरला पातं जोडणाऱ्या खालच्या कपलरचे दोन दात गेलेले. शेंगाचटणी मिक्सरवर करते, हे सोलापुरात चारचौघांत सांगायची सोय नाही. ती उखळात, तेल सुटेपर्यंत कुटायची असते. त्यामुळं कपलर तुटल्याचं वाईट वाटण्याआधी मला लाजच वाटली.

फोटो काढून भाच्याला पाठवला. काही कारण नव्हतं. तो तिकडं थायलंडात, फुकेतला, एका उतारवयाच्या परदेशी जोडप्याच्या चाळीस फुटी शिडाच्या बोटीवर हरकाम्या. दहा मिनिटांत त्याचा फोटो आला. काळं रबरी चाक, भोवती पाती, तीन पाती गायब. मला वाटलं माझाच फोटो परत पाठवलाय. खाली लिहिलं होतं, "आत्या, हे आमचं कपलर."

त्याला इम्पेलर म्हणतात. शिडाची बोट झाली तरी वारा पडला, बंदरात शिरायचं झालं, की इंजिन लागतं. ते थंड ठेवायला समुद्राचंच पाणी आत ओढतात आणि ओढायचं काम हे मुठीत मावणारं चाक करतं. चाक फाटलं की इंजिन तापलं. जादा चाक बोटीवर होतं, पण नुसतं बदलून भागत नाही, तुटलेली पाती हुडकावी लागतात, नाहीतर ती पुढं नळीत जाऊन बसतात. दोन सापडली. तिसरीसाठी पंप खोलला, तर पंपाचा दांडाच झिजलेला. नवा पंप मागवला, तो भलत्याच मॉडेलचा आला. परत पाठवला. दुसरा आता कस्टममध्ये आहे. हे डिसेंबरपासून चाललंय. पोरगं डिसेंबरातच निघून श्रीलंकेवरून कोचीला लागणार होतं आणि तिथून गाडीनं घरी. "गड्ड्याला येतोच," म्हणाला होता. गड्डा म्हणजे संक्रांतीची आमची सिद्धेश्वराची जत्रा.

तिथला मिस्त्री काय बोलतो ते त्याला कळत नाही. पण रोज तो दोन बोटं दाखवतो, तेवढं कळतं. दोन दिवस.

ही दोन बोटं मला चांगली ओळखीची आहेत. फ्रिजवाला, शिलाई मशीनवाला, नळवाला, सगळ्यांचे दोन दिवस. माणूस खोटं बोलत नसतो. "दोन दिवसांत होतंय बघा, ताई," म्हणताना त्याच्या डोळ्यांसमोर खरोखरच दोन दिवस असतात. फक्त ते कुठले, हे त्यालाही माहीत नसतं.

समुद्रावर मात्र दोन दिवसांना हिशेब असतो. ईशान्येचा वारा डिसेंबर ते मार्च, तेवढ्यात तिकडून इकडं यायचं. मे-जूनात नैऋत्येचा पाऊस उलटा तोंडावर येतो. म्हणजे मुठीएवढ्या रबरासाठी मार्च गेला की पुढचा डिसेंबरच. भाचा बोटीवर गेल्यापासून मी हे असलं वाचत असते. नौदलाच्या सहा जणी 2017 च्या सप्टेंबरात गोव्याहून 'तारिणी'तून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या. दक्षिण महासागर पालथा घातला आणि घर जवळ आल्यावर सुकाणू बिघडलं. ठरलं नसताना मॉरिशसला थांबावं लागलं. नौदलातून निवृत्त झालेला अभिलाष टॉमी 2022 च्या 'गोल्डन ग्लोब' या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत बोटीवर एकटा होता. बोट आपोआप हाकणारं वाऱ्यावरचं यंत्र मोडलं, तर त्यानं बोटीतल्या संडासाचं दार कापून त्याचं पातं केलं आणि 236 दिवसांनी दुसरा आला. हे मी भाच्याला कळवलं. तो म्हणाला, "आमच्या बोटीत दार नाही, पडदा आहे."

अण्णांनी, माझ्या वडिलांनी, पडद्याचंसुद्धा काहीतरी केलं असतं. अण्णा कापडमिलमध्ये जॉबर, म्हणजे माग चालू ठेवणारे, दुरुस्त करणारे. मोडलेला माग दिसला की त्यांना जेवण सुचायचं नाही. मी दुसरीत असेन, पंढरपूरला गेलो होतो. दर्शन झालं, विष्णुपदाला होडीनं जाऊ म्हणाले. होडी वाळूत उपडी घातलेली. कोळी फटींमध्ये डांबरात बुडवलेला कापूस ठासत होता. "आत्ता होतंय, बसा." आम्ही बसलो. वाळू तापलेली, आईच्या मांडीवर भाकरीचं गाठोडं. अण्णा पाच मिनिटं बसले असतील. मग धोतर खोचून कोळ्याच्या शेजारी उकिडवे, आणि "अहो, हितं राहिलं की," सुरू. तासाभरानं आई चिडून उठली आणि मला ओढत चालत निघाली. विष्णुपदाचं दर्शन घेऊन, भाकरी खाऊन आम्ही परत फिरलो, तेव्हा समोरून होडी येत होती. अण्णा मधोमध बसलेले, सदऱ्यावर डांबर, आणि चेहरा असा की होडी त्यांच्याच मालकीची. विष्णुपदाला गेलेच नाहीत ते. तीच होडी धरून परत आले.

त्यांचा एक डबा आहे माझ्याकडं. बिस्किटाचा, पत्र्याचा. नट, वायसर, स्प्रिंगा, कशाच्या ते कुणालाच सांगता येणार नाही. घर बदललं तेव्हा सुनेनं विचारलं, टाकू का. मी म्हटलं, राहू दे, लागेल. वीस वर्षांत त्यातलं काही लागलेलं नाही. कपलरसाठी त्या दुपारी मी तो डबा जमिनीवर ओतला. सापडणार नाही हे माहीत होतं. तळाशी तेलकट फडक्यात त्यांचा पाना निघाला.

मिल बंद पडली तेव्हा गेटवर सांगितलं होतं, दोन दिवसांत चालू होईल. अण्णा दोन दिवस घरी बसले. मग दर दसऱ्याला पाना काढायचे, घासायचे, हळदकुंकू वाहायचे, तेल लावून पुन्हा फडक्यात. अकरा दसरे मी मोजलेत. पहाटे भोंगा वाजायचा बंद झाला तरी त्या वेळेला उठून बसायचे.

चटणी शेजारच्या मावशींच्या उखळात कुटून आणली. तुटकं कपलर डब्यात टाकलं आणि झाकण लावलं.