विंगेतून दिसलेलं गॅदरिंग

डिसेंबर-जानेवारी ही आम्हा ड्रेपरीवाल्यांची, म्हणजे नाटका-नाचाचे कपडे भाड्याने देणाऱ्यांची सुगी. ठाण्यातल्या बऱ्याच शाळांची गॅदरिंगं गडकरी रंगायतनला नाहीतर घाणेकर नाट्यगृहात होतात. फेटे, बाराबंद्या, शिवलेल्या नऊवाऱ्या यांची गाठोडी सोडून आम्ही सकाळपासून रंगपटात बसलेलो असतो.

त्या रविवारी गडकरीला तिसरीच्या मुलांचा पोवाडा होता. सगळे मावळे तयार, एक पोरगा मात्र डोक्याला हात लावू देईना. "आधी आज्जी आलीय का बघा, काका." वडील ड्युटीवर, आई धाकटीला घेऊन दवाखान्यात. आज्जी एकटी दिवा स्टेशनहून लोकलनं निघालेली आणि नेमका मेगाब्लॉक. बाई म्हणाल्या, "आली असेल रे, बसली असेल." पोरगं खमकं. म्हणालं, "मग दाखवा. हिरव्या साडीत असेल."

पडद्याच्या फटीतून पाहिलं. हिरव्या साडीतल्या बायकाच पाच-सहा दिसल्या. त्यातली आज्जी कोणती, ते मी काय ओळखणार? शेवटी त्याला कसाबसा फेटा चढवून रांगेत उभा केला.

स्टेजवरून प्रेक्षक दिसत नाहीत, हे पोरांना कुणी सांगतच नाही. तालीम शाळेच्या पटांगणात, भर उन्हात झालेली असते. घरचे म्हणालेले असतात, "आम्ही समोरच बसू." आणि पडदा उघडला की डोळ्यांवर दिवे, पुढे दोन रांगा आणि मागे मिट्ट काळोख. लहान मुलं तिथं थबकतात ना, ती घाबरून नव्हे. ती शोधत असतात. बाई विंगेतून खुणा करतात, तलवार वर करा, आणि अर्धे मावळे कपाळावर हात आडवा धरून बघत असतात.

आमचा मावळाही तसाच, तलवार खाली सोडून उभा. तेवढ्यात बाल्कनीतून खणखणीत हाक आली, "बंड्या, आले रे मी!" माइकवाल्यानंही मान वर केली. पोरानं तलवार उंचावून बाल्कनीकडे हलवली, शेजारच्यानं बघून आपलीही हलवली, आणि सगळी रांग उलट्या दिशेला वळली. बाई लालबुंद. मला विचाराल तर त्या दिवसातला सगळ्यात जोरदार आयटम तोच होता. खाली निम्मे पालक मोबाइल उंच धरून बसले होते. ओरडली ती एकटी आज्जी.

नंतर ती रंगपटात आली. घामानं निथळत होती, पण आधी फेट्याची चौकशी. "एक रात्र घरी नेऊ का? ह्याचा बाप रात्री येतो, त्याला बघायचाय." आमच्याकडे माल जागेवरच मोजून घेतात. पण दिला. परत आला तो इस्त्री करून.

तेव्हापासून बुकिंगला येणाऱ्या शिक्षकांना मी सांगतो, पडदा उघडल्यावर प्रेक्षागृहातले दिवे जरा वेळ चालू ठेवायला लावा, पोरांना आपली माणसं बघू द्या, मग गाणं सोडा. लाइटवाला कुरकुरतो. दोन-तीन शाळांनी मात्र ऐकलंय.