पारोलाचं टँक म्युझियम: रशियन गाडी, इंग्रजी तोफ आणि फिनिश जुगाड

फिनलंडला जाणारी आपली मंडळी आता बरीच आहेत, कोणाचा मुलगा एस्पूला आयटीत, कोणाची मुलगी शिकायला, आणि सगळे तेच ते बघून येतात, सुओमेनलिन्नाचा किल्ला, तालिनची बोट, नाहीतर थेट वर रोव्हानिएमीला सांताक्लॉज. ज्यांना रणगाड्यांचं थोडं तरी वेड आहे त्यांनी त्यातला एक दिवस काढून पारोलाला जावंच. हेलसिंकीच्या उत्तरेला साधारण शंभर किलोमीटरवर हामेनलिन्ना, त्याच्या पुढचंच छोटं स्टेशन पारोला. लांबच्या फास्ट गाड्या इथे थांबत नाहीत, लोकल टाइपच्या थांबतात, तेव्हा तिकीट काढताना गाडी पारोलाला थांबते का ते बघा, नाहीतर हामेनलिन्नाला उतरून पुढे बस किंवा टॅक्सी. स्टेशनवरून म्युझियमला चालतसुद्धा जाता येतं, आम्ही चालतच गेलो, रस्ता सपाट आहे आणि उन्हाळ्यात मस्त वाटतं, फक्त डास.

आत शिरलात की पहिल्यांदा काय बघाल तर बीटी-42, आणि बघून हसू येईल. खाली सोव्हिएत बीटी-7 रणगाड्याची चॅसी (चाकं-पट्ट्यांसकट खालचा सांगाडा), लांबट, बुटकी, पळायला बनवलेली गाडी, आणि वर हे भलंमोठं चौकोनी खोकं, त्यातून बाहेर आलेली ब्रिटिश 114 मिमी हॉवित्झर, म्हणजे गोळा उंचावरून टाकणारी आखूड तोफ. पाठीमागून बघा, टरेट (तोफेचा फिरता बुरूज) इतकं वाढवलंय की अख्खी गाडी मागे कलंडेल असं वाटतं. जगात शिल्लक राहिलेली ही एकच. जपानी ॲनिमेमुळे हिचे भलतेच चाहते झालेत, त्यामुळे फोटोसाठी जरा थांबावं लागलं तर चिडू नका.

आता हे झालं कसं ते सांगतो, कारण ते माहीत नसलं तर तिथे नुसतं लोखंड दिसतं. सोव्हिएत युनियनशी झालेल्या 1939-40च्या हिवाळी युद्धात आणि मग 41च्या मोहिमेत फिनिश लोकांच्या हाती सोव्हिएत रणगाडे लागले, काही चालू, काही नुसते सांगाडे. बीटी-7 जोरात पळायची पण तिची 45 मिमी तोफ बंकर फोडायला फुसकी. दुसरीकडे हिवाळी युद्धात ब्रिटनकडून आलेल्या 24 हॉवित्झर होत्या, 1908च्या काळातलं डिझाइन, सोळा किलोचा गोळा. मग 1942 मध्ये कोणीतरी म्हटलं असणार की ही तोफ त्या गाडीवर ठेवा. 18 गाड्या अशा बनवल्या. 43 मध्ये स्विर नदीच्या आघाडीवर बंकरवर मारा करायला बऱ्या पडल्या, त्यासाठीच तर होत्या.

पण 44च्या जूनमध्ये सोव्हिएत फौजा व्हीपुरीवर (आजचं रशियातलं व्हिबोर्ग) आल्या तेव्हा याच गाड्या सोव्हिएत टी-34 रणगाड्यांसमोर उभ्या केल्या आणि तिथे सगळं उघडं पडलं. गोळा वेगळा, दारूचं काडतूस वेगळं, म्हणजे भरायलाच वेळ, आत तीन माणसं कोंबलेली, आणि बाहेरचं चिलखत इतकं पातळ की विचारू नका. 20 जूनला एका टी-34ला अठरा गोळे लागले तरी तो थांबला नाही असं सांगतात. टँकविरोधी खास गोळा बनवला होता, तोही नीट फुटेना. त्याच दिवशी शहर पडलं.

इथवर बघून लोक बाहेर पडतात आणि 'जुगाड फसलं' असं म्हणून मोकळे होतात, ते मला पटत नाही. कारण त्याच म्युझियममध्ये टी-26ई आहे आणि तिच्याकडे कोणी बघतसुद्धा नाही. फिनलंडने युद्धाआधी ब्रिटनकडून विकर्स कंपनीचे सहा-टनी रणगाडे मागवले, पैसे वाचवायला तोफेविना, दुर्बिणीविना, रेडिओविना. तोफा घरी बनवून बसवायच्या होत्या, स्वीडिश बोफर्सच्या 37 मिमी, पण युद्ध आलं तेव्हा बऱ्याच गाड्या रिकाम्याच होत्या. फेब्रुवारी 1940 मध्ये होंकानिएमीच्या लढाईत घाईघाईने काही उतरवल्या, पाचएक तर वाटेतच बंद पडल्या आणि बाकीच्यांचंही वाईट झालं. हिवाळी युद्ध संपल्यावर उरलेल्यांना सोव्हिएत रणगाड्यांतून काढलेल्या 45 मिमी तोफा बसवल्या आणि हे एकदम फिट बसलं. का? तर सोव्हिएत टी-26 हा मुळात त्या विकर्सचाच परवाना घेऊन बनवलेला भाऊ! गोळेही जप्त केलेले ढिगाने, सुटे भागही जवळपास सारखे. म्हणजे तोफ कुठल्या देशाची हा प्रश्नच नाही, खालच्या गाडीला ती झेपते का आणि गोळे पुरतात का एवढंच बघायचं. बीटी-42ला ते जमलं नाही, टी-26ईला जमलं. दोघी एकामागोमाग बघा, मग कळेल मी काय म्हणतोय.

तिसरी गाडी स्टुग, म्हणजे फिरतं टरेट नसलेली तोफगाडी, फिनिश लोक लाडाने 'स्टुर्मी' म्हणायचे. जर्मनांकडून 59 विकत घेतल्या, 43 आणि 44 मध्ये. ही नवीकोरी जर्मन गाडी, हिच्यात कशाला काय बदलायचं, पण यांनी मशीनगन काढून जप्त केलेली सोव्हिएत डीटी लावली कारण तिच्या गोळ्या भरपूर होत्या, आणि संरक्षणासाठी बाजूला लाकडी ओंडके बांधले. ते ओंडके नक्की बघा. 44च्या उन्हाळ्यात या गाड्यांनी 8 गमावून 87 रणगाडे मारले असा हिशोब आहे.

आणि बाहेर आलात की गाड्यांवर स्वस्तिक दिसेल, दचकू नका. ते फिनिश सैन्याचं चिन्ह होतं, विमानदलात 1918 पासून, हिटलरच्या पक्षाच्या आधीचं. माझ्यासोबतच्या काकांनी तर हात जोडले, मी पटकन त्यांचा हात खाली घेतला, आजूबाजूचे काय समजतील!

आपल्याकडे असं काही नाही असं समजू नका बरं का. आपल्या लष्कराचं कॅटापल्ट म्हणजे ब्रिटिश डिझाइनच्या विजयंता रणगाड्याची चॅसी आणि त्यावर सोव्हिएत 130 मिमी तोफ, बीटी-42चं अगदी उलटं. नगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम आधी बघून मग पारोलाला गेलात तर मजा दुप्पट होते, कारण चॅसी, टरेट, ट्रॅक हे डोळ्यात बसलेलं असतं.

जाणाऱ्यांसाठी बाकी. वेळा जायच्या आधी म्युझियमच्या साइटवर बघा, हिवाळ्यात कमी असतात, आणि जूनअखेरच्या युहान्नुसच्या (मिडसमर सणाच्या) सुट्टीला अख्खा देश बंद असतो तेव्हा ते टाळाच. बऱ्याच गाड्या बाहेर टेकडीवर आहेत, तेव्हा जाकीट आणि पाणी न झिरपणारे बूट हवेत, ऊन असलं तरी. किमान तीन तास ठेवा, चिलखती रेल्वेगाडी आहे तिथेच अर्धा तास जातो. कॅश लागत नाही, कार्ड सगळीकडे चालतं. शाकाहारी असाल तर डबा न्या, सॉसेजशिवाय फारसं काही मिळेल याची खात्री धरू नका, कॉफी आणि दालचिनीचा बन मात्र बहुतेक ठिकाणी मिळतो. गाडीवर चढायला जाऊ नका, मुलं असतील तर आधीच सांगून ठेवा. घरच्या ज्या लोकांना रणगाड्यात रस नाही त्यांना हामेनलिन्नाला किल्ल्यावर सोडा, तळ्याकाठी आहे, त्यांचा दिवस छान जातो, आणि परतीची लोकल पकडायच्या आधी तिची वेळ मोबाइलवर काढून ठेवा, कारण संध्याकाळी दोन गाड्यांमध्ये बरंच अंतर असतं.