लेबल पुसलेली बॅटरी आणि लेकीची जीप

नणंदेचा मुलगा मोठा झाला आणि त्याची बसून चालवायची, बॅटरीवरची खेळण्यातली जीप गणपतीच्या सुट्टीत पुण्याहून आमच्याकडे खानापूरला आली. दिवे लागायचे, गाणं वाजायचं, पण पेडल दाबलं की चाकं जागची हलत नव्हती. बॅटरी बदला, असं सगळ्यांनी सांगितलं. कुठली बसवायची ते कुणालाच सांगता येईना, कारण बॅटरीवरची अक्षरं पांढऱ्या खारानं खाऊन टाकली होती.

सीटखालचे स्क्रू काढले तर आत दोन छोट्या बॅटऱ्या शेजारी-शेजारी बसवलेल्या. ओल्या फडक्यानं पुसून मोबाइलच्या उजेडात तिरकं धरल्यावर एकीवर ‘३-एफएम-४.५’ एवढं वाचता आलं. पुढे सगळा शोध लागला तो याच अक्षरांवरून. पहिला आकडा आतल्या घरांचा असतो. शिशाच्या बॅटरीचं एक घर २ व्होल्टचं, म्हणजे ३ घरांची ही बॅटरी ६ व्होल्टची. मधली अक्षरं ॲसिड न सांडणाऱ्या सीलबंद बॅटरीची खूण, आणि शेवटचे ४.५ म्हणजे अँपिअर-अवर, किती वेळ पुरेल त्याचं माप. याच नियमानं ‘६-एफएम-७’ लिहिलेली बॅटरी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची.

आता बॅटऱ्या ६ व्होल्टच्या, पण त्या दोन. मग जीप ६ ची की १२ ची? याचं उत्तर तारांत असतं. एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडला असेल तर व्होल्ट मिळवायचे, ६ आणि ६ बारा. प्लसला प्लस आणि मायनसला मायनस असेल तर व्होल्ट सहाच राहतात, फक्त जास्त वेळ चालते. आमच्या जीपमध्ये दोन बॅटऱ्यांच्या मध्ये एक आखूड जोडतार होती, लाल टोकापासून काळ्या टोकापर्यंत. चार्जरवरही १२ व्होल्ट, १००० मिलीअँपिअर छापलेलं. दोन्ही खुणा जुळल्या तेव्हाच मी १२ हा आकडा धरला. चार्जर हरवला असेल तर तारा बघितल्याशिवाय कुणी अंदाजानं बॅटरी आणू नये, एवढं मी कळकळीनं सांगते. ६ व्होल्टच्या गाडीला १२ ची बॅटरी लावली की गाडी जोरात पळते, आणि काही दुकानदार तेच कौतुकानं सांगतात. पण त्या मोटरचे गिअर प्लॅस्टिकचे असतात, तारा बारीक असतात, आणि वर बसलेलं मूल तीन-चार वर्षांचं असतं.

दिरांनी व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर आणला. नुसती बघितली तर एक बॅटरी ६.२ दाखवत होती आणि दुसरी ५.४, म्हणजे दोन्हींत जीव आहे असं वाटावं. मग जीप विटांवर ठेवून चाकं अधांतरी केली आणि पेडल दाबून पुन्हा मोजलं. दुसरी थेट २ च्या खाली कोसळली. दिवे आणि गाण्याला जेमतेम वीज लागते, मोटरला खरा करंट लागतो, म्हणून मरायला टेकलेली बॅटरी गाणं वाजवते पण चाक फिरवत नाही. शिशाची बॅटरी रिकामी पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा घट्ट थर बसतो आणि मग ती चार्ज घेत नाही. ही जीप पुण्यात बराच काळ माळ्यावर होती.

बेळगावला खडेबाजारच्या बाजूच्या एका दुकानात गेले. तिथल्या काकांनी लगेच यूपीएसची १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी पुढे ठेवली. "हीच घ्या की अक्का. सगळे हीच नेतात, जास्त वेळ चालतंय." बॅटरी चांगली होती आणि व्होल्टही बरोबर. अँपिअर-अवर जास्त असले तर बिघडत नाही, फक्त चार्ज व्हायला वेळ लागतो. पण तिचं माप १५१ बाय ६५ बाय ९४ मिलिमीटर. मी घरून पट्टीनं जीपचा कप्पा मोजून आणला होता, त्याची लांबी शंभरच्या आतबाहेर. "डबा जरा कापला की बसतंय," काका म्हणाले. मी नको म्हटलं. दोन किलोंच्या वरचं ते वजन लेकीच्या सीटखाली कापलेल्या प्लॅस्टिकवर, पट्टा न लावता ठेवायचं, हे मला पटलं नाही. मोटरसायकलची पाण्याची बॅटरी तर विचारातही घेऊ नये. जीप उलटली तर ॲसिड सांडेल.

तिथून उद्यमबागेत मोटर वाइंडिंग करणाऱ्या मामांकडे गेले. त्यांनी आधी चार्जर मागितला. "बॅटरी कुठलीही मिळंल, खरं चार्जर बघितल्याशिवाय मी सांगणार नाही," असं म्हणाले, आणि मला तिथेच विश्वास वाटला. त्यांनी दोन्ही जुन्या बॅटऱ्या मोजल्या, प्रत्येकी ७० बाय ४७, उंची १०१. शेजारी ठेवल्या की ७० बाय ९४. मग म्हणाले, १२ व्होल्ट, ४.५ ची एकच बॅटरी मिळते, ती ९० बाय ७०, उंची तेवढीच. म्हणजे दोघींच्या जागी एकच बॅटरी, काहीही न कापता! ताकदही तेवढीच, कारण अशा जोडणीत व्होल्ट वाढतात, अँपिअर-अवर ४.५ च राहतात. दोनच घ्यायच्या असतील तर दोन्ही नव्या आणि एकाच बनावटीच्या घ्या, जुनी-नवी जोडी लावू नका, हेही त्यांनी बजावलं.

घेताना छापलेली तारीख बघितली आणि मीटर लावला. १२.८ च्या वर आला, म्हणजे दुकानात पडून राहिलेली नव्हती. बॅटरीची चपटी टोकं दोन रुंदींत येतात, ४.७५ आणि ६.३५ मिलिमीटर. आमच्या तारांच्या क्लिपा अरुंद होत्या, तशीच टोकं असलेली मिळाली. घरी मधली जोडतार काढून टाकली, लाल लालला आणि काळी काळ्याला लावली. लाल तारेत एक फ्यूज होता, तो जसाच्या तसा ठेवला. तो काढून तार सरळ जोडून देणारे भेटतात, त्यांना ठाम नाही म्हणावं.

आता खेळून झालं की त्याच रात्री चार्जिंगला लावते. आमच्याकडे पावसाळ्यात जीप अंगणात निघतच नाही, तेव्हा महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करून ठेवायची असं ठरवलं आहे.

शेजारच्यांच्या खेळण्यातल्या स्कूटरला ६ व्होल्टची एकच बॅटरी आहे. त्यांच्यासाठी मामांकडून मापं लिहून आणली: ६ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची १५१ बाय ३४, आणि १० किंवा १२ ची १५१ बाय ५०, दोन्हींची उंची ९४. जुन्या दोन्ही बॅटऱ्या दुकानात परत दिल्या. शिसं कचऱ्यात जाऊ नये म्हणून २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांत त्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि दुकानदारानं वजनावर थोडे पैसे बिलातून वळतेही केले.