गॅस तेवढा बघ

३० नोव्हेंबर २०२५, रविवार

गुरुवारी धाकटी बहीण आली आणि तिच्या घराची जादा किल्ली देऊन गेली. चहा पिताना पर्समधनं काढून टेबलावर ठेवली. "आक्का, ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. आमाला वर नेलं तर गॅस तेवढा बंद हाय का बघ." मग बटर बुडवून खाल्लं आणि गेली.

तेव्हापासून किल्ली फ्रिजवर आहे. लाल दोरा बांधलेली.

त्यांच्या नव्या सभेत हे शिकवतात, मला ठाऊक आहे. मोठं संकट सुरू व्हायच्या आधीच खरे विश्वासणारे अलगद उचलले जाणार. "तू चुकीच्या मंडळीत आहेस" असं म्हणाली असती तर मी भांडले असते, भांडून बरंही वाटलं असतं. पण तिनं नुसतं धरूनच टाकलं की मी इथंच असणार. गॅस बघायला.

रात्री अंथरुणात पडल्या पडल्या सगळी उत्तरं दिली तिला. रविवारी पोरांना धर्मशिक्षण देते, उत्तरांना काय तोटा. ही शिकवण पसरली ती डार्बी नावाच्या प्रवचनकारामुळं, १८३० नंतर. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं, प्रकटीकरणातलं, हजार वर्षांचं राज्य म्हणजे ख्रिस्तसभेचा हा चालू काळच, असं संत ऑगस्टीननं पाचव्या शतकात लिहून ठेवलंय. शेवटाची तारीख सांगत फिरणाऱ्या प्रवचनकारांना तर ख्रिस्तसभेच्या पाचव्या लॅटरन परिषदेनं १५१६ सालीच बंदी घातली. आणि कॅटेकिझम, म्हणजे आम्हा कॅथलिकांचं शिकवणीचं पुस्तक, परिच्छेद ६७५: प्रभू येण्याआधी सगळ्या ख्रिस्तसभेलाच शेवटच्या परीक्षेतनं जायचंय. आधी सुट्टी कुणालाच नाही. पौलानं थेस्सलनीकाच्या लोकांना लिहिलं ते मेघांतून प्रभूला सामोरं जाणं. राजा येताना मानाची माणसं गावाबाहेर जातात तसं ते, असं संत योहान क्रिसोस्तम सांगतो. आपल्याकडं पालखीला वेशीवर जातात, तसंच की. आणि पालखीला गेलेलं कुणी तिथनं पळून जात नाही, वाजतगाजत गावातच येतं.

सगळं बरोबर. झोप मात्र नाही. एवढी शिकवण पाठ असून माझं आपलं एकच, मला न घेता कशी जाणार ही? आईच्या वेळीही असंच... जाऊ दे.

२०१९च्या पुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ५५ फुटांवर गेलं तेव्हा कुंभार गल्लीतनं पोरं, कुकर आणि एक ओली गादी घेऊन हीच बाई आमच्याकडं आली होती. तेव्हा गॅस कुणी बघितला, विचारायला हवं. ३९ फुटाला इशारा, ४३ला धोका, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही पाठ. शेवटाच्या दिवसाची मोजपट्टी मात्र प्रभूनं कुणाच्या हातात दिली नाही. दिली असती तर आम्ही रोज सकाळी एकमेकींना फोन करून आकडा विचारला असता.

आज नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार. मिस्सेला शुभवर्तमान नेमकं तेच निघालं, मत्तय २४. दोघं शेतात असतील, एक घेतला जाईल, एक ठेवला जाईल. माझ्या पोटात कळ आली. पण वरची ओळ नोहाच्या दिवसांची. पूर आला आणि सगळ्यांना घेऊन गेला. म्हणजे घेऊन गेला तो पूर, आणि मागं उरला तो नोहा! फादर जागं राहण्यावर बोलत होते आणि मी बाकावर गालातल्या गालात हसत होते. शेजारच्या बाईंनी वळून बघितलं.

घरी येऊन हे तिला सांगायला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. चार वेळा नुसती रिंग.

ऑगस्टीन, लॅटरन, ६७५, सगळं कुठल्या कुठं गेलं. फ्रिजवरची किल्ली घेतली, चप्पल घातली आणि जिन्यात पोचले तोवर तिचाच फोन.

"दळणाला गेलतो. फोन घरातच ऱ्हायलता. का गं?"

"काही नाही. गॅस बंद केलावतास काय?"

"थांब हं," म्हणाली, "बघतो."