टेबलावरची पाटी

इंदूरच्या एका सरकारी दवाखान्यात मी समुपदेशक आहे. लैंगिक संबंधातून होणाऱ्या आजारांचा विभाग. दारावर ‘सुरक्षा क्लिनिक’ लिहिलंय, तरी लोक शिपायाला ‘वो वाला कमरा’च विचारतात.

त्या बाई महिन्याभरात दुसऱ्यांदा आल्या. पांढरं जाण्याचाच त्रास. मागच्या वेळी डॉक्टरांनी करड्या रंगाचं किट दिलं होतं : अॅझिथ्रोमायसिन १ ग्रॅम, सेफिक्सिम ४०० मिलीग्रॅम. दोन्ही एकदाच, आमच्यासमोर घ्यायच्या. बरं वाटलं, मग परत सुरू. “दवा में ही गड़बड़ है, मैडम.”

गडबड माझ्या रजिस्टरात होती. नवऱ्यालाही तपासणीला बोलावणारं कार्ड बाईंच्या हाती देऊन, त्याच्या रकान्यात ‘कार्ड दिले’ लिहून मी मोकळी झाले होते. ते कार्ड त्यांच्या पर्समध्ये, लाइट बिलाच्या घडीत, जसंच्या तसं निघालं.

“दिया क्यों नहीं?”

“जो पहले दिखाने आया, बीमारी उसी की.”

यावर मी काय बोलणार? बायकांना कित्येकदा काही जाणवतच नाही, लागण आधी कोणाला झाली हे तपासणीत कळत नाही, हे सांगितलं. एकट्याने औषध घेऊन भागत नाही, हेही. दुखणं अंगावर काढलं तर ओटीपोटातली वेदना कायमची मागे लागू शकते म्हटल्यावर त्यांच्या तोंडून निघालं, “अगं बाई!”

मी हिंदीच चालू ठेवली. माझं मराठी आडनाव टेबलावरच्या पाटीवर आहे. ते वाचूनच त्या पहिल्या दिवसापासून हिंदीत बोलत होत्या. रामबागेतल्या गणपतीत उद्या समोरासमोर आलो असतो.

आठव्या दिवशी नवरा आला. ट्रकवर असतो, एबी रोडने मुंबईच्या फेऱ्या. बायकोला बाहेर बसवून त्याच्याशी वेगळं बोलले. चार महिन्यांपूर्वी लघवीला जळजळ होत होती. मेडिकलवाल्याने दोन कॅप्सूल दिल्या, थांबली. विषय संपला असं त्याला वाटलं.

“निरोध वापरता?”

“बाहेर वापरतो. कधी राहतो.”

“आणि घरी?”

तो माझ्याकडे न बघता टेबलावरच्या लाकडी मॉडेलकडे बघत राहिला. “ऑपरेशन झालंय तिचं. आता घरी काढला तर विचारेल ना, कशाला म्हणून.”

निरोध कसा लावायचा हे मी रोज त्या मॉडेलवर शिकवते. घरी तो पाकिटातून काढणं म्हणजे कबुलीजबाब, हे मात्र कुठल्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, सात दिवस संबंध टाळा. पुढे घरीही वापरायचा. डॉक्टरांचं नाव सांगा, माझं सांगा.

दोघांनी औषध घेतलं. एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी निगेटिव्ह आली. एचआयव्हीची तीन महिन्यांनी पुन्हा करायची, कारण ताजी लागण लगेच दिसत नाही. नवरा माझी पाटी वाचून खुशाल मराठीत म्हणाला, “ताई, ही तारीख कॅलेंडरवर काय म्हणून लिहू? घरात आई असते.”

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मराठीतच म्हणाल्या, “लिहा, गाडीची सर्व्हिसिंग.”