आठला ड्रिल किती?

उद्यमनगरातले टूल्सच्या दुकानाचे मालक आले आणि रामराम न करता काउंटरवर दोन वस्तू ठेवल्या. एक तुटलेला आठचा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं आठ मिलिमीटरचं हत्यार, दुसरं मीच डिझाइन करून छापून घेतलेलं त्यांचं व्हिजिटिंग कार्ड.

"वाचा बघू. आठला ड्रिल किती?"

"सहा पॉइंट तीन."

"आणि पायजे किती?"

पाहिजे 6.8. टॅपच्या मापातून पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, वजा केला की आधी पाडायच्या भोकाचं ड्रिल मिळतं, बास. आठचा पिच 1.25, राहिले 6.75, म्हणून 6.8 चं ड्रिल. 6.3 च्या भोकात टॅप फिरवला की जाम होतो आणि तुटतो. अडकलेला तुकडा काढताना बऱ्याचदा जॉबही, म्हणजे ज्यात भोक पाडलं तो भागही, वाया जातो. एका वर्कशॉपमध्ये नेमकं तेच झालं होतं. पोरगा नवा, समोर तक्ता आमच्या कार्डावरचा.

तक्त्याची कल्पना माझीच. नुसतं नाव-नंबर छापलेलं कार्ड शर्टाबरोबर धुऊन निघतं, मागं कामाचं काहीतरी टाकूया, म्हणून मीच त्यांच्या मागं लागलो होतो. पाचपासून सोळापर्यंतचे टॅप, पिच, ड्रिल. तेलकट हात लागणार म्हणून लॅमिनेशन. कार्डं लोकांनी मागून नेली.

कोरलमधली कार्डाच्या डिझाइनची फाइल उघडली. तिथं 6.8 च होतं! मग कार्ड भिंगाखाली धरलं. काळ्या पट्टीवर पांढरे आकडे, पाच पॉइंटचे, कारण अर्धी बाजू लोगोनं खाल्लेली. शिवाय काळा चार शाया मिळून केलेला, का तर रुबाबदार दिसतो. छापताना रजिस्टर, म्हणजे चार शायांची एकावर एक जुळणी, केसभर हललं, शाई पांढऱ्या रेषांत शिरली आणि आठची डावी बाजू बुजली. उरला तीन. प्रूफ मी स्क्रीनवर चौपट मोठं करून पाहिलं होतं, तिथं कसलं दिसतंय! प्रेसवाल्याला बोल लावायला जागाच नव्हती.

हजार कार्डं पुन्हा, माझ्या खर्चानं. पांढऱ्यावर एकाच काळ्या शाईत, आठ पॉइंट ठळक. मागचा लोगो काढला. मालकांना ते जरा लागलं, पण बोलले नाहीत. या वेळी प्रूफ खऱ्या मापात काढलं आणि वर्कशॉपच्या ट्यूबलाइटखाली चष्मेवाल्या टर्नरकडून वाचून घेतलं.

खंडेनवमीला मालक त्याच वर्कशॉपात घेऊन गेले. मशीनं धुऊनपुसून झेंडूच्या माळा घातलेल्या. ड्रिल मशीनच्या अंगाला जुनंच कार्ड चिकटवलेलं, त्यालाही हळदकुंकू लागलेलं. 6.3 वर मार्करनं काट मारून शेजारी जाडजूड 6.8.

खिशातलं नवं कार्ड मी पुढं केलं.

"नगं," तो पोरगा म्हणाला, "ह्येच ऱ्हाऊ दे. ह्याच्याकडं बघायची सवय झालीया."